मगदूमबाईंनी उष्टावलेली खीर

परवा आमच्या तालमीच्या दारात हनुमान जयंतीचा फ्लेक्स लागला. वर मारुती, खाली आमचे आमदार साहेब, त्यांच्याखाली पेठेतले झाडून सगळे चेहरे, आणि तळाला लाल अक्षरांत एक ओळ : ‘चुलीवरून उतरताच नैवेद्य, गरमागरम महाप्रसाद, हीच आमची परंपरा!’ दुकानाचं शटर अर्धं वर करून मी तसाच उभा राहिलो. परंपरा म्हणे! माझ्या दुकानातला फ्रीज हिच्यापेक्षा वयानं मोठा आहे. ही परंपरा कशी सुरू झाली आणि कुणामुळे, हे त्या फ्लेक्सवर हात जोडून हसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण जिच्यामुळे झाली तिचा ना फोटो, ना नाव. गेल्या हिवाळ्यात ती वारली तेव्हा ह्यातला एकही जण मातीला गेला नाही.

डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझं औषधाचं दुकान आहे, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर डॉक्टर सुनंदा मगदूम यांचा दवाखाना होता. सगळी पेठ त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायची. बाई शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या. सरकारी नोकरीत आजरा, गारगोटी असं सगळीकडं फिरून निवृत्त झाल्या आणि इथं बसल्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या. सुती साडी आणि पायात पांढरे पळायचे बूट. दिवस मावळायच्या आत जेवायच्या, त्यामुळे सहाच्या सुमारास पेशंट जिन्यावर ताटकळलेले असायचे आणि बाई आत भाकरी खात असायच्या. कुणी डोकावलं की आतूनच ओरडायच्या, “मरत न्हाईस. बस तिथंच!” त्यांचा आवाज असा, की पेशंटला काय झालंय ते खाली दुकानात मला चिठ्ठी यायच्या आधीच कळायचं. पेशंटचं गुपित वगैरे त्यांच्या दवाखान्यात फारसं टिकायचं नाही.

पोटाची तक्रार घेऊन कुणी आलं की बाई नाडी बघायच्या आधी विचारायच्या, “काल काय खाल्लंस?” ह्या प्रश्नाला कोल्हापुरात एकच उत्तर असतं : घरचंच. एकदा पेठेतला एक फुटबॉलवाला पोट धरून आला.

“घरचंच की बाई. आमटी-भाकरी.”

“काल मॅच जिंकलासा न्हवं?”

“व्हय.”

“मग मॅच जिंकून सगळी आमटी-भाकरी खाऊन गप झोपलासा?”

“जरा मटण खाल्लं.”

“कुठलं?”

“मामाकडची जत्रा हुती. उरल्यालं पाठवलं मामानं आजऱ्यासनं.”

“कशातनं?”

“एसटीतनं. डब्यात. पर वास येत नव्हता बाई, खरंच!”

“वास येत न्हाय म्हंजे चांगलं, असं तुज्या नाकाला कुणी सांगितलं? आणि कोण कोण हुतं जेवाय?”

त्याच्याच फोनवरून बाईंनी अख्खी टीम बोलावली. सगळे धिप्पाड गडी हातात साखर-मिठाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन जिन्यावर ओळीनं बसलेले, आणि बाई वरून ओरडतायत, “घोट घोट पी! मॅच चालली न्हाय तुझी!” एकजण म्हणाला, बाई, जरा हळू बोला, रस्त्यावर ऐकू जातंय. त्यावर बाईंनी जे उत्तर दिलं ते मी नंतर अनेकदा ऐकलं. “जुलाब ही बातमी असती रं. ती सांगायची असती. एकानं लाजून लपवली की धा घरं पडत्यात.”

लग्नाला गेल्या की बाई आधी वधू-वरांकडे जायच्या नाहीत. मांडवाच्या मागच्या बाजूला जायच्या, जिथं भांडी धुतात तिथं. एका बड्या घरच्या लग्नात त्यांना मागं बर्फाची लादी दिसली. मासे ठेवायच्या बर्फाची. पोत्यात गुंडाळून फरशीवरून ओढत आणलेली, आणि एक गडी पायानं दाबून धरून ती फोडत होता, मठ्ठ्यात टाकायला. मठ्ठ्याचं एक पिंप तयार होऊन झाकलेलं होतं. बाईंनी आरडाओरडा केला नाही. त्या त्या पिंपाच्या झाकणावर बसल्या. नवऱ्या मुलाचा बाप हात जोडत आला.

“बाई, उठा की. पावणं पंगतीला बसल्यात. मठ्ठा वाढायचा हाय.”

“पंगतीला पाणी वाढ. उकळून आणलंय का ते बी सांग.”

“अहो, एवढ्या उन्हात लोकं काय म्हणतील?”

“आज काय म्हणतील ते ऐक. परवा काय म्हणतील ते ऐकायचं न्हाय तुला.”

जेवणं उरकेपर्यंत बाई त्या पिंपावर बसून होत्या. बसल्या बसल्याच त्यांनी नवरा-नवरीला आशीर्वाद दिला, कारण त्या उठत नाहीत म्हटल्यावर जोडप्यालाच मागं यावं लागलं. ह्या गोष्टीवर पेठ कितीतरी दिवस हसली. मीही हसलो. पण पुढं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या तालमीचा महाप्रसाद हनुमान जयंतीला असतो. खपली गव्हाची खीर. गूळ, दूध, ओलं खोबरं घालून केलेली. पहाटे काहिलीत शिजते आणि उतरवून पिंपात भरतात. तिच्याबाबत एक नियम आहे : नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालायची नाही. आचारीसुद्धा चव बघत नाही. इथपर्यंत ठीक होतं. मारुती काही उशीर करत नव्हता. पण पुढं आरती साहेबांच्या हातानं करायची असं ठरलं. मग साहेब आल्याशिवाय आरती नाही, आरतीशिवाय नैवेद्य नाही आणि नैवेद्याशिवाय वाढप नाही. त्या वर्षी साहेब गारगोटीला कसल्याशा उद्घाटनात अडकले. चैत्रातलं ऊन, पत्र्याचा मांडव, आणि त्याखाली झाकून ठेवलेली दुधाची खीर. दुपार कलल्यावर साहेब आले, आरती झाली, फोटो झाले आणि लोक जेवले. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी घरोघरी डबे गेले. आजारी माणसं, म्हातारी माणसं, दिवस गेलेल्या पोरी. ज्यांना सगळ्यात जपायचं, त्यांनाच खीर सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात आदरानं पोचली.

संध्याकाळपासून माझ्या दुकानात उलटी-जुलाबाच्या गोळ्यांना रांग लागली. प्रत्येकजण म्हणत होता, ऊन बाधलं. एकही माणूस खीर म्हणाला नाही. मी वर जाऊन बाईंना सांगितलं, तेव्हा त्या बूट घालतच होत्या. त्यांच्याकडेही तेच पेशंट, तेच ऊन.

आम्ही दोघं तालमीत गेलो. तालमीचे अध्यक्ष दिनकरआप्पा. उमद्या मनाचा माणूस, पेठेत कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. लहानपणी गारगोटीला आजोळी असताना त्याला गोवर झाला, तेव्हापासून बाई त्याला ओळखत होत्या, म्हणून अरे-तुरे करायच्या.

“दिनकर, स्पीकर लाव. उरलेली खीर खाऊ नका म्हणून सांग. परत उकळली तरी खाऊ नका म्हणावं, झालेलं विष उकळून मरत न्हाय. आणि ज्याला ज्याला होतंय त्यानं पाणी पीत राहा आणि लगेच या.”

“बाई, प्रसादाचं नाव घिऊ नका. पाणी खराब आलंय नळाला.”

“पाणी सगळ्या पेठेला आलंय. जुलाब जेवलेल्यांनाच कसं?”

“प्रसादानं कुणाला काय होत न्हाय.” मग हळूच म्हणाला, “तुमच्यात कांदा बी चालत न्हाय बाई. तुमास्नी आमच्या प्रसादाचं काय कळणार?”

एवढ्या वर्षांत पेठेत बाईंना जात दाखवणारा तो पहिला. स्पीकर लागला नाही. बाईंनी पेठेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, तर त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. आरोग्य खात्याची माणसं आली तेव्हा तालमीतली भांडी चिंचेनं घासून लख्ख करून ठेवली होती. एरवी ती आठवडाभर तशीच पडलेली असतात. खीर तपासायला मिळालीच नाही, म्हणून नळाचं पाणी नेलं. ते चांगलं निघालं. पाणी चांगलं म्हटल्यावर सगळंच चांगलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं! पुढच्या दिवसांत ज्यांनी खीर चाखलीही नव्हती अशा बायका पडायला लागल्या. त्या घरातल्यांचं काढत होत्या, चादरी धूत होत्या आणि त्याच हातांनी भाकऱ्या थापत होत्या. बाई दारोदार साबण घेऊन फिरल्या. “खीर संपली. आता एकमेकांच्या हातनं खाताय,” म्हणायच्या. कुणी साबण घेतला, कुणी दार लावलं.

दिनकरआप्पाची आई हिराक्का अंथरुणाला खिळलेली होती. तिचा डबा दिनकरआप्पानं स्वतः भरून नेला होता. भरवलाही त्यानंच असणार, तसा तो आईवेडा. तिला जुलाब लागले, तेव्हा घरच्यांनी पाणी बंद केलं. पाणी दिलं की जास्त होतं, ही आपली जुनी अक्कल! बाईंना बोलावलं ते तिचं लघवीला होणंच थांबलं तेव्हा. मी सलाइन घेऊन मागोमाग गेलो. बाईंनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती उंचवटा करून तशीच राहिली. हिराक्कानं बाईंचा पदर धरला.

“बाई, प्रसादाचं नाव घिऊ नगा हं. माज्या दिनकरची मान खाली जाईल.”

“आक्का, मला आधी का न्हाय बोलावलंस?”

“कसं सांगू? प्रसाद हुता न्हवं त्यो.”

मोठ्या दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. संध्याकाळी ती गेली. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला : ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. बाई त्याच्याखाली उभ्या राहून ती ओळ मोठ्यानं वाचत होत्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ह्या आजाराला नाव न्हाय का रं? आईबापानं ठेवलं न्हाय?” आणि तिथंच, भर चौकात, डोळ्याला पदर लावून रडल्या. बाईंना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी बाई चैत्राच्या आधीपासूनच दिनकरआप्पाच्या मागं लागल्या. मागणी अगदी साधी होती. खीर उतरली की वाटीभर काढून नैवेद्य दाखवा आणि वाढायला लागा. साहेब आल्यावर आरती करा, भाषण करा, काय करायचं ते करा. मारुती साहेबांसाठी थांबत नाही. दिनकरआप्पा म्हणायचा, बघू. आणि पत्रिका छापून आली : साहेबांच्या शुभहस्ते.

साहेबांना उशीर झाला, हे सांगायला नकोच. मांडवात लोक केळीच्या पानाच्या पंख्यानं वारा घेत बसले होते. पोरं भुकेनं रडत होती. भात आणि आमटी चुलीवर उकळत होती, खीर मात्र सकाळपासून पिंपात. बाई आल्या. आधी दिनकरआप्पाला म्हणाल्या, “आता तरी नैवेद्य दाखव.”

“साहेब शिये फाट्याला आल्यात, बाई.”

“सकाळधरनं तिथंच हाईत व्हय ते?”

“बाई, पाया पडतो, आज नगो.”

“आक्का न्हाय म्हणाली असती का, दिनकर?”

त्यानं मान फिरवली.

मग बाई नळावर गेल्या. पिशवीतून साबण काढला आणि सावकाश, बोटांच्या बेचक्यांसकट हात धुतले. पिंपांपाशी आल्या. पहिल्या पिंपाचं झाकण काढून पळीभर खीर घेतली आणि तोंड लावून खाल्ली. तीच उष्टी पळी त्यांनी दुसऱ्या पिंपात बुडवली, परत तोंडाला लावली, मग पुढच्या पिंपात. ज्या बाईनं जन्मभर उष्ट्या चमच्यावरून लोकांना झाडलं, तिनं अख्ख्या पेठेदेखत प्रत्येक पिंप उष्टावलं. देवाला दाखवायच्या आधी! ती खीर आता नैवेद्याला चालणार नव्हती आणि वाढायलाही नाही. आचारी डोकं धरून खाली बसला.

मांडवात जो काही गलका झाला तो मी इथं लिहीत नाही. “बाटवला! प्रसाद बाटवला!” हे त्यातलं सगळ्यात सभ्य. ज्यांच्या बायका-पोरांना ह्या बाईनं मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं, ते अंगावर धावून आले. दिनकरआप्पा मध्ये पडला म्हणून हात लागला नाही. खीर मागच्या खड्ड्यात ओतली. लोकांनी गरम आमटी-भात खाल्ला आणि बाईंना शिव्या देत घरी गेले. साहेब आले, नैवेद्याविना आरती कशी करायची म्हणून तोंड वाकडं करून निघून गेले.

त्या रात्री पेठेत कुणालाही काही झालं नाही. म्हणजे बाईंच्या बाजूनं पुरावा काय, तर काही नाही. आजारी पडल्या त्या एकट्या बाई. मी ओआरएसची पाकिटं घेऊन वर गेलो, तर त्या मोरीच्या दाराला टेकून बसलेल्या, चेहरा पांढराफटक, आणि हसत होत्या.

“बघ, पुरावा. सगळ्या पेठेत एकाच माणसानं खीर खाल्ली आणि एकालाच लागली. सांग सगळ्यांना.”

“सांगू? तुमचं?”

“सांग की! बातमी हाय ती.”

मी सांगितलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. आणि लोक काय म्हणाले असतील? म्हणाले, बघा, मारुतीनं शिक्षा दिली! आजही हे आठवलं की माझ्या कानशिलाची शीर उडते. खिरीनं अख्खी पेठ आडवी केली तेव्हा तो नळ होता, ऊन होतं. तीच खीर बाईंना बाधली तेव्हा देवाचा कोप झाला. त्या मारुतीच्या नावावर आपण काय काय खपवतो!

एकट्या दिनकरआप्पानं ते म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दुकानाशी येऊन उभा राहिला. घ्यायचं काहीच नव्हतं.

“बाईंना काय होतंय?” त्यानं विचारलं.

“आक्काला झालतं तेच.”

काउंटरवरच्या काचेवर टेकलेला हात काढून घेऊन तो गेला.

बाईंशी कुणी भांडलं नाही. लोकांनी फक्त जिना चढायचं बंद केलं. लांबच्या डॉक्टरकडं रिक्षानं जायचे, पण वर जायचे नाहीत. तालमीतल्या पोरांनी तर दवाखान्याच्या पाटीवर चुना फासला. बाईंनी तो स्वतः पुसला, मला पुसू दिला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर दवाखाना बंद करून त्या भावाकडं शिरोळला राहायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “एप्रिलात ध्यान ठेव.” राग होता की नाही, कळलं नाही. माझा मात्र आहे, आणि तो जायचा नाही.

पुढच्या हनुमान जयंतीला सकाळीच तालमीत घंटा वाजली. मी बघायला गेलो, तर काहिल चुलीवरून उतरायच्या आत दिनकरआप्पानं वाटीभर खीर काढून नैवेद्य दाखवला होता. साहेब यायचे होते. कार्यकर्ते कुरकुरत होते, तो कुणालाही उत्तर देत नव्हता. स्वतःच पळी घेऊन वाढायला उभा होता. का, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. अजूनही नाही.

रांगेत मला पांढरे बूट दिसले. बाई होत्या. मी त्यांना काही कळवलं नव्हतं. पहिली एसटी धरून आल्या असणार. काठी टेकत, हातात ताट घेऊन सगळ्यांसारख्या उन्हात उभ्या. ओळखलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही. एक-दोघं तर सरकून लांब उभी राहिली. त्यांचा नंबर आला तेव्हा दिनकरआप्पाची पळी हवेतच थांबली. खिरीची वाफ दोघांच्या मध्ये वर चढत होती. माफी मागेल, पाया पडेल, निदान नाव घेईल, असं मला वाटत होतं.

“गरम हाय, बाई,” तो म्हणाला.

एवढंच. हिराक्काबद्दल नाही, पाटीबद्दल नाही, एका उष्ट्या पळीपायी गेलेल्या दवाखान्याबद्दल नाही. बाईंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ताट पुढं केलं. “मग वाढ की,” म्हणाल्या. “रांग थांबलीया मागं.”

एका बाजूला उभं राहून, फुंकर घालत घालत, त्यांनी ती खीर सगळी संपवली. मग ताट घेऊन मागं गेल्या, जिथं भांडी धुतात तिथं. भांडी घासणाऱ्यांना झाडणारा त्यांचा आवाज मला मांडवात ऐकू आला.